‘बी.ए. मराठी’ वाचून बायोडेटा बाजूला ठेवताय? थांबा, आधी एक तास द्या



‘पहिला माणूस कामावर कसा ठेवायचा’ या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. “सर, जाहिरात टाकली. आलेल्या बायोडेटांमध्ये निम्मे बी.ए. मराठी, बी.ए. हिंदी, एम.ए. इंग्रजी. यांचं मी करू काय?” व्हिडिओत यावर मी दोनच मिनिटं बोललो होतो. विषय तेवढ्यात आटोपणारा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

गंमत बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पेढे वाटले. पण त्याच मराठीत पदवी घेतलेला मुलगा नोकरी मागायला समोर आला की आपला पहिला प्रश्न काय असतो? “कॉमर्स का नाही घेतलं?”

माझं मत आधीच सांगून टाकतो. भाषेची डिग्री बघून माणूस घेऊ नका आणि भाषेची डिग्री बघून माणूस नाकारूही नका. तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये किंवा ऑफिसात तो कसं काम करेल, हे ती डिग्री सांगतच नाही. ते तुम्हाला स्वतः शोधावं लागतं आणि त्याला साधारण एक तास लागतो. तो तास वाचवण्याच्या नादात छोटे मालक चांगली माणसं घालवतात आणि नको ती माणसं घेऊन बसतात.

मालक मंडळींच्या तक्रारी काय आहेत?

आपल्या वर्गांना येणारे मालक या मुलांबद्दल काय म्हणतात, ते मी प्रामाणिकपणे मांडतो. तक्रारी खोट्या नाहीत.

पहिली तक्रार: लिहितात छान, पण लांबलचक. ग्राहकाने विचारलं “माल कधी मिळेल?”, तर उत्तर आठ ओळींचं. त्यात तारीख कुठेच नाही.

दुसरी: आकडे बघितले की हात आखडतो. एक्सेल उघडून दिलं की चेहरा उतरतो. जीएसटीचं बिल करताना टक्केवारीत गोंधळ.

तिसरी: साहित्याचा माणूस म्हणून घेतला, वाटलं बोलका असेल. पण फोन वाजला की दुसऱ्याकडे बघतो.

चौथी, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी: मन इथे नसतं. एमपीएससीची तयारी चालू, नाहीतर बी.एड. किंवा सेट-नेट. सहा महिन्यांत शिकवून तयार केला की निघाला.

आता याच मालकांना मी दुसरा प्रश्न विचारतो: “तुमच्याकडे असा कुणी टिकला असेल, तर तो कशात चांगला निघाला?” इथे उत्तरं वेगळी येतात. चिडलेल्या ग्राहकाचं पूर्ण ऐकून घेतो, मध्ये तोंड घालत नाही. दहा पानांचा कागद दिला तर वाचतो, आणि शेवटच्या पानावरची अट पण त्याच्या लक्षात येते. गावाकडच्या ग्राहकाशी त्याच्या बोलीत, व्यापाऱ्याशी हिंदीत आणि कंपनीच्या परचेस ऑफिसरशी इंग्रजी ईमेलवर, असं तिन्हीकडे सांभाळतो. एकदा सांगितलेली गोष्ट डायरीत लिहून ठेवतो.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. तक्रारींच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी शिकवता येण्यासारख्या आहेत. नेमकं उत्तर, साधं एक्सेल, फोनवर बोलणं. रोज सराव घेतला तर दोन-तीन महिन्यांचं काम. कौतुकाच्या यादीतल्या गोष्टी, म्हणजे ऐकून घेणं, नीट वाचणं, माणूस बघून भाषा बदलणं, या दोन महिन्यांत शिकवून बघा बरं. ज्याला येतात त्याला येतात, दुसऱ्याला यायला वर्षं जातात.

पण लगेच खूश होऊ नका. प्रत्येक भाषेच्या पदवीधराकडे ही दुसरी यादी असतेच असं नाही. गाईड वाचून, अपेक्षित प्रश्न पाठ करून पास झालेले पण आहेतच. म्हणूनच म्हणतो, डिग्रीवरून काही ठरवू नका.

डिग्री सांगत का नाही?

पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणाऱ्यांची मोठी संख्या आहे. तिथे कंपनीला अंदाज बांधावा लागत नाही. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत असते. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. जर्मनला ए-१ पासून सी-२ पर्यंत पायऱ्या आहेत. त्यामुळे एन-२ म्हटलं की मालकाला भाषेची पातळी लगेच कळते. डिग्री कुठल्याही विषयाची असू दे, ते सर्टिफिकेट बोलतं.

मराठी, हिंदी, इंग्रजीच्या बी.ए.ला अशी पायरी नाही. मार्कशीटवर असतात संतसाहित्य, भाषाविज्ञान, कादंबरीचा पेपर आणि ६२ टक्के. काही ठिकाणी उपयोजित मराठीचा पेपर असतो, त्यात जाहिरात, बातमी, अहवाल लिहायला शिकवतात. पण त्या ६२ टक्क्यांवरून तुम्हाला कळतं का, की हा मुलगा थकलेल्या बिलासाठी नेमका मेसेज लिहू शकतो की नाही? नाही कळत. मग आपण काय करतो? मोकळी जागा आपल्या समजुतीने भरतो. “साहित्यवाला म्हणजे स्वप्नाळू. कविता करत बसणार.”

बी.कॉम.च्या बाबतीत पण हेच होतं, फक्त उलट बाजूने. बी.कॉम. म्हटलं की हिशेब येतच असणार, असं आपण धरून चालतो. आणि मग टॅलीमध्ये एन्ट्री करता येत नाही हे दुसऱ्या आठवड्यात कळतं. दोन्हीकडे अंदाजाची किंमत मालकच भरतो.

किती भरतो? समजा पगार १८,००० रुपये. तीन महिन्यांनी कळलं की माणूस जमत नाही, तर ५४,००० गेले. त्यात तुमचा शिकवण्याचा वेळ आणि दुखावलेले ग्राहक मोजलेच नाहीत. ज्याचा धंदा अजून महिन्याला लाखभराच्या आत आहे, त्याला हा फटका बसतो ना राव!

भाषेचं काम म्हणजे पैशाचं काम

“आमचा धंदा छोटा, आम्हाला कशाला भाषेचा माणूस?” असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग.

तुमच्या दुकानाच्या पाटीपासून सुरू करू. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे. देवनागरी लिपीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसली पाहिजेत. पाटी, लेबल, रेटकार्ड, कॅटलॉग, गुगलवरची दुकानाची माहिती, हे सगळं कुणीतरी लिहितंच. बहुतेक वेळा डीटीपीवाला लिहितो, आणि त्याने जे टाइप केलं ते आपण छापतो.

पण खरा पैसा वसुलीत आहे. थकलेल्या बिलासाठी आपल्याकडून जाणारा नेहमीचा मेसेज बघा:

“सर, पेमेंटचं बघा ना जरा. खूप दिवस झाले. प्लीज.”

यात बिल नंबर नाही, रक्कम नाही, तारीख नाही. समोरच्याने “बघतो” म्हटलं की विषय संपला. आता हा मेसेज बघा:

“नमस्कार साहेब. बिल क्र. २१४, दि. ३ जून, रु. १८,५००. माल त्याच दिवशी मिळाल्याची पोच आमच्याकडे आहे. ठरलेले ३० दिवस ३ जुलैला पूर्ण झाले. १२ जुलैपर्यंत पेमेंट कराल का? बिलात काही अडचण असेल तर आजच सांगा, दुरुस्त करून पाठवतो.”

अपमान नाही, गयावया नाही. पण समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. एक तर तारीख, नाहीतर अडचण.

यापुढची पायरी कायद्याची. तुम्ही उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल आणि उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे मिळाले पाहिजेत, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ठरवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज मागता येतं. हे वाचून, समजून, मोठ्या ग्राहकाचे संबंध न बिघडवता पत्रात उतरवणं, हे कोणाचं काम आहे? वाचता येणाऱ्याचं आणि लिहिता येणाऱ्याचं. तुम्ही स्वतः रात्री अकरा वाजता थकून ते लिहिणार असाल, तर ते पत्र जाणारच नाही. अनुभव आहे ना?

आता तो एक तास

उमेदवार कुठल्याही शाखेचा असो, सगळ्यांना हीच चाचणी द्या. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., सगळ्यांना सारखी. चार कामं, प्रत्येकी दहा मार्क.

१. चिडलेला ग्राहक. एक खरा तक्रारीचा मेसेज द्या, नाव-नंबर काढून. “पाच ओळींच्या आत उत्तर लिही” म्हणा. बघायचं काय? तक्रार समजली का, माफी कुठे मागितली, पुढे काय करणार आणि कधी, हे आलं का. शब्द किती सुंदर आहेत याला मार्क नाहीत.

२. एक पानाचा कागद. बँकेचं पत्र, एखाद्या कंपनीची खरेदीची अट, सरकारी योजनेचं परिपत्रक, काहीही. “यातून मला पाच मुद्दे सांग: काय करायचं, कधीपर्यंत, किती पैसे, कोणती कागदपत्रं, आणि आपण चुकलो तर काय होईल.” इथे माणूस खरा दिसतो. अनेक जण पहिला परिच्छेद वाचून थांबतात.

३. दहा बिलांची यादी. तारीख, रक्कम, मुदत. कोणती थकली, एकूण किती थकले, पहिला फोन कोणाला करायचा? एक्सेल येत नसेल तर कागदावर करू दे. एक्सेल नंतर शिकवता येतं. बेरीज दोनदा तपासतो की नाही, ते बघा.

४. फोन. तुम्ही बाहेर जा आणि ग्राहक बनून फोन करा. तीन मिनिटं. भाव कमी करायला सांगा, थोडा आवाज चढवा. तो घाबरला तर हरकत नाही. घाबरून खोटं आश्वासन दिलं का, ते महत्त्वाचं. “विचारून दहा मिनिटांत सांगतो” म्हणणारा माणूस तुमच्या कामाचा.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नका. त्याने लिहिलेली जाहिरात वापरणार असाल तर पैसे द्या. दुसरं, चाळीसपैकी किती मार्कांना घ्यायचं हे चाचणीच्या आधी ठरवा. नाहीतर ओळखीच्याच्या मुलाला बावीसला पण पास कराल आणि अनोळखी पोरीला तिसाला नापास.

ही चाचणी घेतल्यावर काय होईल? भाषेचे काही पदवीधर तिसऱ्या कामात अडखळतील आणि पहिल्या दोन कामांत सगळ्यांच्या पुढे जातील. मग तुम्ही ठरवा, तुमच्या धंद्याला आत्ता काय पाहिजे. रोज दोनशे बिलं निघत असतील तर आकड्यांचा पक्का माणूस घ्या, भाषेच्या प्रेमापोटी चुकीची निवड करू नका. पण तुमचा दिवस व्हॉट्सॲपची उत्तरं देण्यात, तक्रारी मिटवण्यात आणि वसुलीच्या फोनमध्ये जात असेल, तर तुम्हाला कोण पाहिजे हे आता वेगळं सांगायला नको.

घेतल्यानंतरचे तीन महिने

खरं सांगू का, “भाषेची पोरं कामात मंद” असं म्हणणाऱ्या बऱ्याच मालकांनी त्या पोरांना काम काय हेच सांगितलेलं नसतं. “बघ जरा सगळं” हे काही कामाचं वर्णन झालं नाही. बी.कॉम.चा मुलगा अशा वेळी निदान बिलबुक उघडतो, कारण ते त्याला ओळखीचं असतं. भाषेचा मुलगा कोपऱ्यात उभा राहतो आणि तुम्ही शिक्का मारता.

म्हणून पहिल्या दिवशी एक पान लिहून द्या. रोज करायची पाच कामं, आणि ती झाली हे कसं कळणार.

पहिल्या महिन्यात त्याच्याकडून नेहमीच्या वीस प्रश्नांची तयार उत्तरं लिहून घ्या. भाव, डिलिव्हरी, बदलून देणं, पेमेंट. नियम एकच: पहिल्या ओळीत उत्तर, मग कारण. लांब लिहिण्याची सवय इथेच मोडते.

दुसऱ्या महिन्यात रोज अर्धा तास आकडे. फक्त चार गोष्टी: बेरीज, तारखेनुसार लावणं, थकलेली बिलं वेगळी काढणं, जीएसटी लावून बिल. यापेक्षा जास्त एक्सेल छोट्या धंद्याला सुरुवातीला लागत नाही.

तिसऱ्या महिन्यात मोजा. मेसेजला उत्तर जायला किती वेळ लागतो? थकबाकी सुरुवातीला किती होती, आता किती? तीच तक्रार पुन्हा आली का? बिलात चुका किती? हे चार आकडे वहीत लिहा. सुधारत असतील तर माणूस ठेवा, पगार वाढवा. सुधारत नसतील तर त्याला स्पष्ट सांगा आणि सोडा. पण मग “मराठीवाला होता म्हणून” असं म्हणू नका. म्हणा, “या चार आकड्यांत बसला नाही.”

आता एमपीएससीचं. यावर रागावण्यापेक्षा इंटरव्ह्यूमध्येच विचारा: “परीक्षा देतोयस का? कधी आहे? तोपर्यंत नक्की आहेस का?” प्रश्न प्रेमाने विचारला तर बहुतेक मुलं खरं सांगतात. आठ महिने असेल तर आठ महिन्यांचं काम द्या, आणि तयार उत्तरं, पत्रांचे नमुने, ग्राहकांच्या नोंदी त्याच्याकडून लिहून ठेवा. तो गेला तरी ती फाईल तुमच्याकडे राहते. लिहून ठेवणारा माणूस जाताना निम्मं काम मागे ठेवून जातो, हा फायदा कोणी मोजत नाही.

आणखी एक रस्ता आहे. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आता महाराष्ट्रातल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांना कंपन्या मिळतात, भाषेच्या मुलांना कुठे पाठवायचं हा प्रश्न प्राध्यापकांना पडतो. जवळच्या कॉलेजच्या मराठी किंवा हिंदी विभागात जा, विभागप्रमुखांना भेटा, सांगा, “सर, माझ्याकडे ग्राहकसेवेचं आणि पत्रव्यवहाराचं काम आहे, एक विद्यार्थी द्या.” तुम्हाला माणूस जवळून बघायला मिळतो, त्याला धंदा बघायला मिळतो. मात्र त्याला चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला ठेवू नका. प्रवासखर्च आणि थोडं मानधन द्या.

तुम्ही स्वतःच भाषेचे पदवीधर असाल तर?

आपले बरेच वाचक असे आहेत, मला माहीत आहे. नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये तोच प्रश्न ऐकून कंटाळलात आणि म्हणून धंद्याकडे वळलात. तुम्हाला एवढंच सांगतो: ग्राहक तुमची डिग्री विचारत नाही. त्याला वेळेवर उत्तर, स्पष्ट भाव आणि दिलेला शब्द पाहिजे. लिहिण्या-बोलण्यात तुम्ही पुढे असाल तर ते वापरा, पण आकड्यांपासून पळू नका. महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याची विक्री, खर्च, येणी, देणी हे चार आकडे स्वतःच्या हाताने लिहा. हिशेब दुसऱ्यावर टाकून नुसतं मार्केटिंग करणारा मालक, मग तो एम.ए. असो नाहीतर एमबीए, अडचणीत येतोच.

आणि उद्या तुमच्याकडे कुणी नोकरी मागायला आला, तर तुम्हाला विचारला गेलेला प्रश्न त्याला विचारू नका. त्याला काम देऊन बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

गेल्या तीस दिवसांत तुमचे किती तास मेसेज, फोन, तक्रारी आणि वसुलीत गेले, ते अंदाजे लिहा. त्यातलं कोणतं काम दुसऱ्याला देता येईल, त्यावर खूण करा. मग बाजूला ठेवलेले बायोडेटा परत काढा आणि त्यातल्या तिघांना चाचणीला बोलवा. निदान एक भाषेचा पदवीधर असू दे. मार्क काय पडले ते कमेंटमध्ये लिहा, चांगले-वाईट दोन्ही. कोणाला चाचणीसाठी बिलांची यादी कशी बनवायची कळत नसेल तर तेही विचारा, पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.

भेटू लवकरच. कामाला लागा!